साखर आधी उतरते, वजन मागाहून

वजन घटविणारी शस्त्रक्रिया आणि मधुमेह : निर्णयापूर्वी कुटुंबाने समजून घ्यावे असे

एक घर डोळ्यांसमोर आणा. अठ्ठेचाळीस वर्षांच्या मुलाचे वजन शंभर किलोंच्या पुढे गेलेले, मधुमेह निघून चार वर्षे झालेली. पथ्य, चालणे, गोळ्या सर्व करून झाले आणि अखेर डॉक्टरांच्या सल्ल्याने वजन घटविण्याची शस्त्रक्रिया पार पडली. चार-पाच दिवसांनी तो घरी परतला तेव्हा वजन जेमतेम तीन-चार किलोंनी उतरले होते, पण उपाशीपोटीची साखर मात्र गोळ्या कमी करूनही मर्यादेत आली होती. घरात सत्तरीकडे झुकलेली आई आहे. तिचा मधुमेह बावीस वर्षांचा. दिवसातून दोनदा ती इन्शुलिन टोचून घेते, गुडघे धरूनच उठते. मुलाचा हा बदल ती कौतुकाने पाहते आहे. आणि एके दिवशी जेवताना कुणीतरी सहज म्हणते, "मग आईचीही करून घेऊ या का?"

असा प्रश्न आज अनेक घरांत विचारला जातो. त्याला एका शब्दात ‘हो’ किंवा ‘नको’ म्हणणे योग्य होणार नाही. मुलाची साखर का उतरली, ती किती काळ उतरलेली राहील आणि आईच्या शरीरात तेच घडेल का, हे तीन प्रश्न आधी सोडवावे लागतात. प्रस्तुत लेखात आपण त्याच क्रमाने जाऊ.

एका शल्यविशारदाचे आश्चर्य

गॅस्ट्रिक बायपास ही शस्त्रक्रिया मधुमेहासाठी जन्मलेली नव्हती. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन आणि चिकाशी इटो यांनी १९६६ साली ती पहिल्यांदा केली, ती केवळ वजन उतरविण्यासाठी. अन्न कमी जाईल, कमी शोषले जाईल आणि माणूस बारीक होईल, असा सरळ हिशेब त्यामागे होता.

पुढे या रुग्णांची काळजी घेणाऱ्यांच्या ध्यानात एक विलक्षण गोष्ट येऊ लागली. नॉर्थ कॅरोलायनातील ग्रीनव्हिल येथील शल्यविशारद वॉल्टर पोरीज यांनी १९९५ साली आपल्या ६०८ रुग्णांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्यांपैकी प्रौढपणी जडणारा मधुमेह असलेल्या ज्या १४६ जणांचा पाठपुरावा झाला, त्यांतील १२१ जणांची, म्हणजे सुमारे ८३ टक्के रुग्णांची साखर शस्त्रक्रियेनंतर सामान्य पातळीवर राहिली होती. अनेकांच्या बाबतीत ती काही दिवसांतच उतरली होती, वजन फारसे कमी होण्याच्या आधीच. मधुमेहावरचा सर्वांत परिणामकारक उपाय एखादी शस्त्रक्रिया ठरेल, असे तोवर कुणाच्या स्वप्नातही नव्हते.

साखर वजनाच्या आधी उतरते, या एका निरीक्षणाने विचाराची दिशा बदलली. केवळ चरबी घटल्यामुळे हे होत असते, तर साखरेने वजनाच्या मागोमाग यायला हवे होते. याचा अर्थ आतडे हे अन्न वाहून नेणारी नुसती नळी नाही. साखरेच्या कारभारात त्याचाही शब्द चालतो.

शस्त्रक्रियेत नेमके काय होते?

आज मुख्यत्वे दोन प्रकार प्रचलित आहेत आणि दोन्ही बहुधा दुर्बिणीद्वारे, पोटावर लहान छिद्रे घेऊन केले जातात.

पहिला प्रकार स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीचा. जठराचा सुमारे तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग कायमचा काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची अरुंद नळी शिल्लक ठेवतात. आतड्याला हात लावला जात नाही. काढलेला भाग पुन्हा जोडता येत नाही, हे मात्र लक्षात ठेवावे.

दुसरा प्रकार बायपासचा. जठराच्या वरच्या टोकाला साधारण दोन मोठे चमचे मावतील एवढी लहानशी पिशवी तयार करतात आणि लहान आतड्याचा पुढचा भाग थेट तिला जोडतात. उरलेले जठर आणि आतड्याचा सुरुवातीचा भाग शरीरातच राहतो, परंतु अन्न तिथून जात नाही. तिथले पाचक रस खालच्या बाजूने येऊन अन्नाला मिळतात. या जोडणीचा आकार इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखा दिसतो. स्वित्झर्लंडमधील शल्यविशारद सेझार रू यांच्या नावावरून तिला ‘रू-एन-वाय’ म्हणतात.

साखर वजनाआधी का उतरते?

याची कारणे एकाहून अधिक आहेत आणि ती एकाच वेळी काम करतात.

पहिले कारण यकृताचे. वर्षानुवर्षे गरजेपेक्षा जास्त खाल्ले गेले की यकृतात चरबी साठते. असे यकृत इन्शुलिनला जुमानत नाही आणि रात्रभर रक्तात साखर सोडत राहते. सकाळची उपाशीपोटीची साखर वाढलेली दिसते ती बव्हंशी यामुळे. शस्त्रक्रियेनंतर खाणे एकदम अगदी थोडे होते आणि शरीर सर्वांत आधी यकृतातील चरबी वापरू लागते. इंग्लंडमधील न्यूकॅसल विद्यापीठात रॉय टेलर यांनी हे शस्त्रक्रियेविनाच करून दाखविले. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात ११ मधुमेहींना दिवसाला सुमारे ६०० उष्मांकांच्या आहारावर ठेवले होते. एका आठवड्यात त्यांची उपाशीपोटीची साखर सामान्य झाली आणि यकृतातील चरबी सुमारे ३० टक्क्यांनी घटली. आठ आठवड्यांत स्वादुपिंडातील चरबीही कमी झाली आणि इन्शुलिन स्रवण्याची त्याची क्षमता परतू लागली.

दुसरे कारण आतड्यातील संप्रेरकांचे. लहान आतड्याच्या शेवटच्या टप्प्यातील काही पेशी अन्न पोहोचताच जीएलपी-१ नावाचे संप्रेरक सोडतात. ते स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडण्याची सूचना देते आणि मेंदूला पोट भरल्याची. एरवी अन्न तिथे सावकाश पोहोचते. बायपासनंतर ते झटकन पोहोचते आणि जेवणानंतर या संप्रेरकाची पातळी पूर्वीच्या कितीतरी पट वाढते. स्लीव्हनंतरही जठर लवकर रिकामे होत असल्याने काही प्रमाणात हेच घडते. सध्या गाजत असलेली सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपाटाइड ही औषधे याच संप्रेरकाच्या धर्तीवर बनविलेली आहेत, हे येथे नमूद करावयास हवे.

तिसरे कारण भुकेचे. घ्रेलिन हे भूक चेतविणारे संप्रेरक मुख्यतः जठराच्या वरच्या फुगीर भागात तयार होते. स्लीव्हमध्ये नेमका तोच भाग काढला जातो. त्यामुळे रुग्ण मन मारून कमी खातो असे नव्हे, तर त्याला भूकच कमी लागते.

यानंतरच्या महिन्यांत जसजसे वजन उतरते, तसतसे स्नायूही इन्शुलिनला अधिक प्रतिसाद देऊ लागतात. म्हणजे साखरेचा पहिला उतार यकृताचा आणि आतड्याचा असतो. नंतरची स्थिरता घटलेल्या वजनाची असते. वजन पुन्हा वाढले की साखर का परतते, याचे उत्तरही यातच आहे.

‘जिभेवर ताबा नाही’ असे म्हणण्यापूर्वी

स्थूल माणसाला आपल्याकडे उपदेश फार मिळतो. तोंडावर ताबा ठेव, रोज चाल, रात्रीचा भात सोड. हे सल्ले चुकीचे नाहीत, पण अपुरे आहेत. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ५० स्थूल व्यक्तींचे वजन दहा आठवड्यांच्या कडक आहाराने उतरविण्यात आले. एक वर्षानंतरही त्यांचे भुकेचे संप्रेरक वाढलेले आणि तृप्तीचे संप्रेरक घटलेले आढळले. वजन उतरले की शरीर त्याला दुष्काळ समजते; भूक वाढविते आणि ऊर्जेचा खर्च आवरते. हजारो वर्षे दुष्काळात तगलेल्या माणसाचे हे शहाणपण आता त्याच्यावरच उलटले आहे.

शस्त्रक्रियेचे खरे वैशिष्ट्य येथे आहे. ती पोट लहान करते हे खरेच, पण वजन उतरूनही भूक उसळू देत नाही, हे तिचे अधिक मोठे काम आहे. म्हणून ज्याने हा मार्ग पत्करला त्याला घरातल्यांनी ‘सोपी वाट धरली’ असे हिणवू नये. ही वाट मुळीच सोपी नाही, हे पुढे दिसेलच.

मुक्ती नव्हे, विराम

‘शस्त्रक्रियेने मधुमेह बरा होतो’ असे जाहिरातीत वाचले, तर त्या वाक्यापाशी थोडे थांबावे. वैद्यकशास्त्रातील जाणकार ‘बरा होणे’ हा शब्द टाळतात आणि मधुमेहाचा विराम असा शब्दप्रयोग करतात. मधुमेहाची सर्व औषधे थांबवून किमान तीन महिने झाल्यावरही तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, ६.५ टक्क्यांच्या खाली असेल, तर त्याला विराम म्हणावे, असे २०२१ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी ठरविले.

हा विराम किती टिकतो? स्वीडनमध्ये १९८७ पासून चाललेला दीर्घ अभ्यास याचे प्रामाणिक उत्तर देतो. शस्त्रक्रिया झालेल्या मधुमेहींपैकी दोन वर्षांनी ७२ टक्के रुग्ण विरामात होते. पंधरा वर्षांनी हे प्रमाण ३० टक्क्यांवर आले. नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांत ते अनुक्रमे १६ आणि ६.५ टक्के होते. अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकच्या चाचणीत निकष अधिक कडक होता. पाच वर्षांनी एचबीए१सी ६ टक्के किंवा त्याहून कमी असलेले रुग्ण बायपासच्या गटात २९ टक्के, स्लीव्हच्या गटात २३ टक्के आणि केवळ औषधांच्या गटात ५ टक्के आढळले.

या आकड्यांकडे दोन बाजूंनी पाहावे लागते. शस्त्रक्रियेचा परिणाम औषधांहून कितीतरी पटींनी सरस आहे, ही एक बाजू. पुष्कळांच्या बाबतीत मधुमेह वर्षांनंतर परततो, ही दुसरी. पण परतला म्हणजे सारे व्यर्थ गेले, असेही नाही. स्वीडनच्याच अभ्यासात डोळे, मूत्रपिंडे आणि नसा यांच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे विकार शस्त्रक्रिया झालेल्यांत जवळजवळ निम्म्याने कमी आढळले. साखर आटोक्यात राहिलेली वर्षे शरीराच्या जमेला धरली जातात.

कुणाला लाभ अधिक?

मुलाच्या आणि आईच्या शरीरांतील फरक येथे समोर येतो. स्वादुपिंडातील ज्या बीटा पेशी इन्शुलिन तयार करतात, त्या मधुमेहाच्या प्रत्येक वर्षागणिक थकत जातात. शस्त्रक्रिया त्यांच्यावरचा भार हलका करते. नष्ट झालेल्या पेशी ती परत आणीत नाही. म्हणून मधुमेह जितका ताजा, तितकी विरामाची शक्यता अधिक. चार-पाच वर्षांचा, गोळ्यांवरचा मधुमेह आणि वीस वर्षांचा, इन्शुलिनवरचा मधुमेह यांत मोठे अंतर आहे.

बीटा पेशी किती शिल्लक आहेत हे अजमाविण्यासाठी सी-पेप्टाइड नावाची रक्ततपासणी करतात. शरीर स्वतः इन्शुलिन बनविते तेव्हा त्याच्या बरोबरीने सी-पेप्टाइडही तयार होते. टोचलेल्या इन्शुलिनमध्ये ते नसते. त्यामुळे शरीराचे स्वतःचे उत्पन्न किती आणि बाहेरून आलेले किती, हे या तपासणीतून कळते. वय, वजन, सी-पेप्टाइड आणि मधुमेहाचा कालावधी या चार गोष्टींवरून गुण देऊन विरामाची शक्यता वर्तविण्याची पद्धत तज्ज्ञ वापरतात. आपल्या रुग्णाचे गुण किती, हे अवश्य विचारावे. बालपणी किंवा तरुणपणी जडणाऱ्या पहिल्या प्रकारच्या मधुमेहात शरीर इन्शुलिन बनवीतच नाही. तिथे शस्त्रक्रियेने इन्शुलिन सुटत नाही.

वजनाच्या निकषांत भारतीयांसाठी वेगळा विचार आहे आणि त्यामागे पुण्याचाही वाटा आहे. पुण्यातील केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन या दोघांचे छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात छापून आले. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या प्रमाणातील वजनाचा निर्देशांक, एकसारखा २२.३ होता. परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के होती, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के! काट्यावर सारखा दिसणारा भारतीय माणूस आतून अधिक चरबी बाळगून असतो आणि म्हणून कमी वजनातही त्याला मधुमेह गाठतो.

हे ध्यानात घेऊन २०१६ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये आशियाई लोकांसाठी बीएमआयची प्रत्येक मर्यादा अडीच अंकांनी खाली आणण्यात आली. मधुमेह असलेल्या व्यक्तीचा बीएमआय ३७.५ किंवा अधिक असेल तर शस्त्रक्रियेची शिफारस आहे. ३२.५ ते ३७.५ यांदरम्यान, उपचार करूनही साखर आटोक्यात येत नसेल तर शिफारस आहे. २७.५ ते ३२.५ यांदरम्यान, औषधांची पराकाष्ठा करूनही साखर न आवरल्यास विचार करावा, असे म्हटले आहे. १६० सेंटिमीटर उंचीच्या व्यक्तीसाठी हे आकडे अनुक्रमे सुमारे ९६, ८३ आणि ७० किलो वजनाचे होतात.

आरोग्यविम्याचे निकष मात्र याहून कडक आहेत. विमा नियामकाच्या प्रमाणित अटींनुसार बीएमआय किमान ४० हवा, किंवा ३५ आणि त्यासोबत अनियंत्रित मधुमेहासारखा गंभीर विकार हवा. डॉक्टरांनी योग्य ठरविलेली शस्त्रक्रियाही विम्यात न बसण्याची शक्यता असते. लेखी खुलासा आधीच मागवून घेणे श्रेयस्कर.

साठीनंतरचा हिशेब

आता आईकडे वळू. केवळ वय जास्त म्हणून शस्त्रक्रिया नाकारावी, असे आजचे शास्त्र सांगत नाही. सत्तरीतला काटक माणूस साठीतल्या दुर्बळ माणसापेक्षा चांगला टिकतो. परंतु एक गोष्ट नजरेआड करू नये. वर उल्लेखिलेल्या स्वीडन आणि क्लीव्हलँड येथील अभ्यासांत रुग्णांना प्रवेश देताना वयाची वरची मर्यादा साठ वर्षे होती. तिथले आकडे सत्तरीच्या माणसाला जसेच्या तसे लावता येत नाहीत.

वृद्धापकाळी तीन गोष्टींचा विशेष विचार करावा लागतो. पहिली स्नायूंची. वजन उतरते तेव्हा चरबीबरोबर स्नायूही उतरतात. तरुण माणूस ते व्यायामाने भरून काढतो. वृद्धाचे स्नायू आधीच घटलेले असतात. आणखी घटले की खुर्चीतून उठणे, न्हाणीघरात तोल सावरणे कठीण होते. दुसरी हाडांची. बायपासनंतर कॅल्शियमचे शोषण घटते आणि हाडे विरळ होत जातात. पडणे आणि मोडणे हे वृद्धांच्या घरातील मोठे संकट. त्याला निमंत्रण नको. तिसरी वेदनाशामकांची. गुडघेदुखीसाठी घेतल्या जाणाऱ्या आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या बायपासनंतर वर्ज्य असतात, कारण त्यांनी नव्या जोडणीपाशी व्रण होऊ शकतो. संधिवातावर ज्यांचा दिवस याच गोळ्यांच्या आधाराने सरतो, त्यांनी हे आधीच बोलून घ्यावे.

शस्त्रक्रियेचा तात्कालिक धोका मात्र समजला जातो तेवढा मोठा नाही. अमेरिकेत २००९ साली प्रसिद्ध झालेल्या ४,७७६ रुग्णांच्या पाहणीत पहिल्या तीस दिवसांतील मृत्यूचे प्रमाण ०.३ टक्के होते. हृदय, मूत्रपिंड किंवा फुप्फुसाचा विकार असेल तर तो वाढतो. म्हणजे मुख्य चिंता शस्त्रक्रियेच्या दिवसाची नसून तिच्यानंतरच्या वर्षांची आहे.

घरी परतल्यानंतर

ही वर्षे रुग्णाबरोबर घरानेही निभवायची असतात. म्हणून शुश्रूषा करणाऱ्यांसाठी काही गोष्टी सविस्तर सांगतो.

औषधे नव्याने ठरवून घ्यावीत. खाणे घटल्यावर पूर्वीच्याच मात्रेत इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू राहिली, तर साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातील गोळ्या शस्त्रक्रियेच्या काही दिवस आधीच थांबवाव्या लागतात. रक्तदाबाच्या आणि लघवी वाढविणाऱ्या गोळ्यांची मात्राही बहुधा उतरवावी लागते. ‘एसआर’ किंवा ‘एक्सआर’ असे लिहिलेल्या, सावकाश विरघळणाऱ्या गोळ्या कुटून देऊ नयेत; त्यांना पर्याय मागावा. यांपैकी काहीही आपल्या मनाने बंद वा चालू करू नये.

प्रथिनांकडे लक्ष द्यावे. सुरुवातीचे काही दिवस पातळ पदार्थ, मग मऊ आणि घोटलेले, आणि साधारण महिना-दीड महिन्याने नेहमीचे अन्न, असा क्रम असतो. रोज ६० ते ८० ग्रॅम प्रथिने पोटात जायला हवीत. एका अंड्यात सहा ग्रॅम, पेलाभर दुधात सहा-सात ग्रॅम, वाटीभर घट्ट वरणातही तेवढीच. डाळीच्या वरच्या पाण्यात मात्र फारसे काही नसते. चार घासांत पोट भरणाऱ्याला हा आकडा गाठणे जड जाते. म्हणून पानात आधी पनीर, अंडे, मासा, मुगाची उसळ यांना स्थान द्यावे आणि भात-पोळी शेवटी. उपासाच्या दिवशी साबुदाण्याच्या खिचडीवर राहणे या रुग्णांना मानवत नाही. व्रतवैकल्ये पाळणाऱ्यांनी आहारतज्ज्ञांशी बोलून वेगळी व्यवस्था करावी.

जेवताना पाणी पिऊ नये. जेवणानंतर अर्धा तास थांबून घोट घोट प्यावे. लहान घास, पुष्कळ चावणे, घाई नाही. बायपासनंतर श्रीखंड, जिलबी किंवा उसाचा रस घेतल्यास धडधड, घाम, पोटात कळ आणि जुलाब असा त्रास होऊ शकतो. वर्ष-दोन वर्षांनी काहींना जेवणानंतर एक ते तीन तासांनी साखर फार खाली जाण्याचा त्रास सुरू होतो. वृद्ध व्यक्ती दुपारच्या जेवणानंतर वारंवार गळून जात असेल किंवा असंबद्ध बोलत असेल, तर ‘वयच झाले’ म्हणून सोडून देऊ नये. त्या क्षणी साखर तपासावी.

ब-१२, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व यांच्या पूरक गोळ्या आयुष्यभर घ्याव्या लागतात. लोह आणि कॅल्शियम यांत किमान दोन तासांचे अंतर ठेवावे. शाकाहारी घरांत आणि मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ब-१२ मुळातच कमी असते, म्हणून रक्ततपासणी चुकवू नये. साखर उतरली तरी डोळे, मूत्रपिंडे आणि पावले यांची वार्षिक तपासणी चालूच ठेवावी. दृष्टिपटलाचा विकार असल्यास साखर एकाएकी उतरल्याने तो काही काळ बळावू शकतो. म्हणून डोळ्यांची तपासणी शस्त्रक्रियेपूर्वीही हवी.

काही लक्षणे दिसताच विनाविलंब रुग्णालय गाठावे. पहिल्या दिवसांत न थांबणारी धडधड, ताप, वाढती पोटदुखी किंवा दम लागणे. पोटरीला सूज व दुखणे. केव्हाही काळी शौचास होणे. सतत उलट्या होत असतील आणि त्यासोबत चालताना झोक जात असेल, दुहेरी दिसत असेल किंवा गोंधळल्यासारखे वागणे होत असेल, तर ती ब-१ जीवनसत्त्वाच्या तीव्र कमतरतेची खूण असू शकते. त्यात एक दिवसाची दिरंगाईही महाग पडते.

मग आईचे काय?

पुन्हा त्या पानावरच्या प्रश्नाकडे येऊ. मुलाच्या बाबतीत मधुमेह ताजा होता, बीटा पेशी शाबूत होत्या, स्नायूंत बळ होते. पुढची तीस वर्षे डोळे आणि मूत्रपिंडे राखायची होती. शस्त्रक्रियेने त्याच्या पदरात मोठा काळ पडू शकतो. आईच्या बाबतीत बावीस वर्षांनंतर इन्शुलिन पूर्ण सुटण्याची शक्यता थोडी, आणि स्नायू-हाडांची किंमत मोठी. तिचे वजन खूप असेल, झोपेत श्वास अडकत असेल, चालणेच थांबले असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार त्या कारणांसाठी होऊ शकतो. केवळ ‘मुलाची साखर गेली’ म्हणून नव्हे.

तिच्यासाठी इतर वाटाही आहेत. ताज्या मधुमेहात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली सुमारे साडेआठशे उष्मांकांचा आहार देऊन ब्रिटनमधील एका मोठ्या चाचणीत वर्षभराने ४६ टक्के आणि दोन वर्षांनी ३६ टक्के रुग्ण विरामात गेले. पण त्यातही मधुमेह सहा वर्षांच्या आतला होता आणि कुणीही इन्शुलिनवर नव्हते. आईने घरच्या घरी तसे उपास करणे धोक्याचे ठरेल. जीएलपी-१ च्या धर्तीवरची इंजेक्शने आता आपल्याकडेही मिळतात आणि त्यांनी तिच्या इन्शुलिनची मात्रा उतरू शकते. मात्र औषध थांबविल्यावर वजनाचा मोठा भाग परत येतो आणि स्नायूंची काळजी तिथेही घ्यावीच लागते.

डॉक्टरांकडे जाताना हे प्रश्न कागदावर लिहून न्यावेत : सी-पेप्टाइड किती? विरामाची शक्यता किती? हाडांची घनता आणि हाताच्या पकडीची ताकद तपासली का? कोणता प्रकार आणि तोच का? पहिले वर्ष आणि पाचवे वर्ष, पाठपुरावा कोण करणार? आणि घरात रोजच्या गोळ्या, प्रथिने, तपासण्या यांची जबाबदारी कुणाची? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर डॉक्टरांकडे नसते, ते कुटुंबाने द्यावयाचे असते. ते ठरले नसेल तर शस्त्रक्रियेची तारीखही ठरवू नये.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आईला स्वतःला काय हवे आहे, हे तिला विचारावे. कदाचित तिला इन्शुलिनची सुई सुटण्यापेक्षा देवळापर्यंत आपल्या पायांनी जाता यावे, एवढेच हवे असेल. तसे असेल तर गुडघ्यांचा उपचार, थोडी वाढविलेली प्रथिने आणि रोजचा स्नायूंचा व्यायाम हीच तिच्यासाठी अधिक योग्य चिकित्सा ठरेल.